एका नौसेनापतीचा जमाखर्च

सेनापतींनी लिहिलेल्या आत्मचरित्रांकडे जाणते वाचक सहसा संशयाने पाहतात, आणि तो संशय अनाठायी आहे असे आम्हांस वाटत नाही. विजयी सेनापती लेखणी हाती घेतो तेव्हा आपल्या यशात दैवाचा, सहकाऱ्यांचा आणि शत्रूच्या चुकांचा वाटा किती होता हे सांगावयास तो हटकून विसरतो. पराभूत सेनापती लिहू लागला म्हणजे दैव, सहकारी आणि वरिष्ठ ह्यांखेरीज पराभवाचे चौथे कारण त्याला सुचत नाही. तथापि ह्या वर्गातील काही थोडे ग्रंथ असे असतात की, त्यांतील समर्थन बाजूस ठेवले तरी त्यांचे महत्त्व कमी होत नाही. लेखकाने जे सांगितले त्याइतकेच, त्याने कोणत्या मापाने जग मोजले हे त्यांतून कळते. जर्मन महानौसेनापती कार्ल डोनिट्झ ह्याचा 'दहा वर्षे आणि वीस दिवस' हा ग्रंथ आमच्या मते ह्या जातीचा आहे. तो १९५८ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला व पुढच्याच वर्षी त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. आमचा त्याच्याशी परिचय ह्या इंग्रजी अवतारातूनच झालेला आहे. ग्रंथकार १९८० साली निवर्तला. त्यानंतरच्या काळात अनेक बंद दप्तरे उघडली, आणि ग्रंथकाराला जे ठाऊक नव्हते तेही आज सामान्य वाचकाला ठाऊक झाले आहे. म्हणूनच ह्या ग्रंथाचा पुनर्विचार करण्यास आजचा काळ अधिक सोयीचा आहे.

ग्रंथाच्या नावाचा अर्थ प्रथम सांगितला पाहिजे. दहा वर्षे म्हणजे १९३५ पासून १९४५ पर्यंतची, ज्या काळात लेखकाने जर्मन पाणबुड्यांचे दल शून्यातून उभे केले, त्याचे नेतृत्व केले व अखेर साऱ्या नौदलाची सूत्रे हाती घेतली. वीस दिवस म्हणजे मे १९४५ मधील, ज्यांत हिटलरच्या मृत्युपत्राने तो एका कोसळलेल्या राज्याचा प्रमुख झाला होता. ह्यापूर्वीचे त्याचे आयुष्यही घटनाशून्य नव्हते. १८९१ साली बर्लिनजवळील ग्र्यूनाऊ येथे त्याचा जन्म झाला. १९१० साली तो नौदलात शिरला. पहिल्या महायुद्धात आरंभी 'ब्रेस्लाऊ' ह्या क्रूझरवर होता. १९१६ च्या अखेरीस पाणबुड्यांकडे वळला आणि १९१८ च्या ऑक्टोबरात भूमध्य समुद्रात शत्रूच्या हाती सापडला. दुसरे महायुद्ध संपल्यावर न्यूरेंबर्ग येथील न्यायासनाने त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली, ती भोगून तो १ ऑक्टोबर १९५६ रोजी स्पांडाऊच्या तुरुंगातून बाहेर पडला. प्रस्तुत ग्रंथ हे त्यानंतरच्या दोन वर्षांतील फळ होय.

प्रथम गुणांचा विचार करू. आपल्या धंद्याविषयी लिहिताना डोनिट्झची लेखणी फार स्वच्छ चालते. ४ ऑक्टोबर १९१८ च्या पहाटेची हकीकत ह्याची उत्तम साक्ष आहे. रात्री पृष्ठभागावर राहून जहाजांच्या तांड्यात घुसावे, अंधाराचा आश्रय घेऊन टॉर्पेडो सोडावा व निसटावे, हा प्रयोग तो त्या रात्री करीत होता. एक जहाज बुडाले. पण पुढे पाण्याखाली जाताना त्याच्या पाणबुडीचा तोल सुटला, ती खोल गेली, आणि सर्व दाबलेली हवा सोडून वर आणली तेव्हा सभोवार शत्रूची जहाजे होती. बोट बुडवून देऊन त्याने व त्याच्या माणसांनी समुद्रात उड्या घेतल्या. काही सहकारी कायमचे गेले. दुसरा एखादा लेखक ह्या प्रसंगाचे नाटक करता. डोनिट्झ त्यातून एक सिद्धांत काढतो: रात्र, पृष्ठभाग आणि अनेक पाणबुड्यांचा एकत्रित हल्ला, ह्या तिहींचा मेळ घातला तर तांड्याचे संरक्षण फोडता येते. पराभवाच्या रात्री सुचलेली ही कल्पना वीस वर्षे उराशी बाळगून त्याने पुढे ती सिद्धीस नेली.

ती सिद्धीस कशी नेली, ह्याचे वर्णन ग्रंथाच्या पूर्वार्धात आहे व तोच आमच्या मते सर्वोत्कृष्ट भाग आहे. ब्रिटिशांनी ध्वनिलहरींनी पाणबुडी शोधण्याचे यंत्र सिद्ध केल्यामुळे पाणबुडीचा काळ संपला, असे १९३५ च्या सुमारास पुष्कळ तज्ज्ञ मानीत होते. पाणबुडीच्या शाळेत, तीन हजार मीटरांच्या आत जाऊ नये, असे शिकविले जाई. डोनिट्झने सहाशे मीटरांपर्यंत जावयास शिकविले. खरा टॉर्पेडो हाती देण्यापूर्वी प्रत्येक बोटीकडून पाण्याखालून सहासष्ट व पृष्ठभागावरून सहासष्ट लुटुपुटीचे हल्ले त्याने करून घेतले. शिक्षक, नायक आणि वडील अशी तिन्ही नाती त्याने एकत्र आणली आणि माणसांच्या मनातील न्यूनगंड घालविला. कोणत्याही विद्येच्या अध्यापकाने वाचावीत अशी ही प्रकरणे आहेत. आज्ञेने माणूस पुढे सरकतो हे खरे. पण अभ्यासाने आलेला आत्मविश्वास त्याला जितका पुढे नेतो तितका आज्ञा कधीच नेत नाही, हे डोनिट्झला कळले होते.

पुढील युद्धवर्णनात मात्र एक विशेष लक्षात येऊ लागतो. डोनिट्झचे सर्व विचार एका मापाभोवती फिरतात, व ते माप म्हणजे टन. ब्रिटन हे बेट आहे. त्याचे अन्न, तेल आणि शस्त्रे समुद्रावरून येतात. तेव्हा नवी जहाजे जितक्या वेगाने बांधली जातात त्याहून अधिक वेगाने ती बुडविली की ब्रिटन शरण येईल. हा त्याचा मूळ हिशेब. त्यासाठी तीनशे पाणबुड्या हव्यात असे तो म्हणे. युद्धारंभी त्याच्यापाशी सत्तावन्न होत्या, आणि त्यांतील निम्म्यासुद्धा अटलांटिकात जाण्याजोग्या नव्हत्या. समुद्रावरील प्रत्येक पाणबुडीने प्रत्येक दिवशी सरासरी किती टन बुडविले, ह्या आकड्यावरून कोठे लढावे ते तो ठरवी. जेथे आकडा मोठा तेथे पाणबुड्या धाडावयाच्या. तो घटला की त्या दुसरीकडे वळवावयाच्या. १९४० चा शरद ऋतू, १९४२ च्या आरंभी अमेरिकेच्या किनाऱ्यावरील शिकार, त्यानंतरचा मध्य अटलांटिक, हे सर्व ह्या एका सूत्रात ओवलेले आहे. विचारांची इतकी एकाग्रता कोणत्याही लेखकास भूषणावह आहे, आणि ती युद्धनेत्यास आवश्यकही आहे, हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो.

परंतु माप जितके सोयीचे, तितके ते मापणाऱ्याची दृष्टी बांधून टाकते. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री 'सिटी ऑफ बनारस' हे जहाज अटलांटिकात बुडविले गेले. ह्या जमाखर्चात ते अकरा हजार टन. त्यावर लंडन इत्यादी शहरांतील बाँबवर्षावापासून दूर, कॅनडाला निघालेली नव्वद मुले होती. त्यांतील सत्त्याहत्तर मेली. त्याच जहाजावरील भारतीय खलाशांपैकी शंभराहून अधिक बुडाले. वाचलेल्यांपैकी शेहेचाळीस माणसांची एक होडी आठ दिवसांनी सापडली, तीत पुष्कळसे भारतीय खलाशीच होते. पाणबुडीच्या कप्तानाला जहाजावर मुले आहेत हे माहीत नव्हते, ही गोष्ट न्यायाच्या दृष्टीने त्याच्या बाजूची आहे. ती आम्ही लपवीत नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. कोकणच्या किनाऱ्यावरील मुसलमान खलाशी, गोव्याचे ख्रिस्ती खानसामे, बंगालचे आगवाले अशी कितीतरी माणसे त्या काळी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पोटासाठी राबत होती. ते युद्ध त्यांनी पुकारलेले नव्हते, व त्यात कोण जिंकावे हे त्यांस कोणी विचारलेही नव्हते. दुसऱ्या महायुद्धात अशा जहाजांवर मृत्यू पावलेल्या भारतीय खलाशांची संख्या सहा हजारांच्या वर जाते. सर्वच पाणबुड्यांना बळी पडले असे नव्हे. पण टनांच्या हिशेबात ह्यांपैकी एकालाही रकाना नाही. मराठी वाचकाने हा ग्रंथ वाचताना आकड्यांच्या मागे उभे असलेले हे लोक विसरू नयेत, एवढीच आमची सूचना आहे.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा दोष एकट्या डोनिट्झचा नाही. पॅसिफिक महासागरात अमेरिकेने पहिल्या दिवसापासून अनिर्बंध पाणबुडीयुद्ध चालविले, असे खुद्द अमेरिकन नौसेनापती निमिट्झने न्यूरेंबर्गच्या न्यायासनास लेखी उत्तरांतून कळविले. हा निमिट्झही तरुणपणी पाणबुड्यांवर काम केलेला माणूस होता. डोनिट्झचा वकील क्रान्सब्यूलर ह्याने ही उत्तरे मिळविली, आणि त्यांचा परिणाम असा झाला की, पाणबुडीयुद्धाच्या नियमांचा भंग हा आधार धरून डोनिट्झची शिक्षा ठरविलेली नाही, असे न्यायासनाने स्पष्ट म्हटले. शत्रूच्या सेनापतीने आरोपीस साह्य होईल असे खरे बोलावे, ही घटना त्या काळ्याकुट्ट कालखंडात उठून दिसते.

'लाकोनिया' प्रकरणाचा विचारही ह्याच न्यायबुद्धीने केला पाहिजे. सप्टेंबर १९४२ मध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेस हार्टेनस्टाइन नावाच्या कप्तानाने हे ब्रिटिश जहाज बुडविले. पाण्यातून इटालियन भाषेतील आरोळ्या ऐकू आल्या, तेव्हा त्यावर आपल्याच दोस्तांचे सुमारे अठराशे युद्धकैदी होते हे त्याला कळले. त्याने मित्र-शत्रू न पाहता माणसे उचलण्यास आरंभ केला, आपला ठावठिकाणा उघड भाषेत जाहीर केला व मदतीस बोलाविले. डोनिट्झने त्यास संमती दिली, इतर पाणबुड्याही तिकडे धाडल्या. रेडक्रॉसचा ध्वज पसरलेला असताना एका अमेरिकन विमानाने तिच्यावर बाँब टाकले. दुसऱ्या दिवशी, १७ सप्टेंबर रोजी, डोनिट्झने हुकूम काढला की, बुडालेल्या जहाजांवरील माणसांना वाचविण्याचा कोणताही प्रयत्न ह्यापुढे करू नये. ह्या प्रकरणी ग्रंथकाराने दिलेली हकीकत आमच्या मते बव्हंशी खरी आहे व त्याचा संतापही समजण्याजोगा आहे. न्यायासनानेही, बुडणाऱ्यांना ठार मारण्याचा हुकूम त्याने बुद्ध्या दिला हे निश्चित सिद्ध होत नाही, असाच निर्वाळा दिला. मात्र हुकुमांची भाषा संदिग्ध होती म्हणून त्याला कडक दोष दिला. तात्पर्य, समुद्रावरील डोनिट्झ हा कठोर पण कुशल योद्धा होता, आणि त्याच्या शत्रूंनीही त्याला हे श्रेय नाकारलेले नाही.

आता मे १९४३ कडे वळू. त्या एका महिन्यात एकेचाळीस पाणबुड्या गेल्या. त्यांतील एकीवर १९ मे रोजी डोनिट्झचा धाकटा मुलगा पीटर होता. २४ मे रोजी त्याने उत्तर अटलांटिकातून पाणबुड्या मागे घेतल्या. समोर लिव्हरपूलला सर मॅक्स हॉर्टन बसला होता. १९१४ साली आपल्या पाणबुडीने जर्मन क्रूझर बुडविणारा हा मनुष्य पाणबुडीवाल्याचे मन आतून ओळखत होता. पाणबुडीवाल्यानेच पाणबुडीवाल्याचा पाडाव केला, असे ह्या झुंजीचे स्वरूप होते. डोनिट्झ पराभवाचे मुख्य कारण म्हणून विमानांवरील रडारकडे बोट दाखवितो, व ते कारण खोटे नाही. पण आणखी एक कारण होते. जर्मन नौदलाची 'एनिग्मा' ही गुप्तलिपी ब्रिटिशांनी १९४१ मध्ये फोडली होती. १९४२ चे बहुतेक वर्ष ती त्यांना पुन्हा अभेद्य झाली, व त्या वर्षाच्या अखेरीस ती त्यांनी पुन्हा उकलली. पाणबुड्यांना डोनिट्झ जे हुकूम बिनतारी यंत्राने धाडी ते शत्रूचे लोक वाचीत होते. त्याला संशय आला नाही असे नव्हे. त्याने चौकशी करविली, आणि लिपी सुरक्षित आहे अशी ग्वाही तज्ज्ञांनी दिली. हे गुपित जगासमोर उघड झाले ते १९७४ साली. म्हणजे हा ग्रंथ लिहिताना ग्रंथकाराला आपल्याच युद्धाचे अर्धे रहस्य ठाऊक नव्हते! ज्या बोटींची नावे तो ममतेने घेतो, त्यांतील कितीतरी त्याच्याच हुकुमांमुळे शत्रूला सापडल्या होत्या. ह्या अज्ञानाबद्दल त्याला कोणी दोष देणार नाही. शोककथेतील नायकाचे अज्ञान जसे प्रेक्षकाच्या मनात करुणा उत्पन्न करते, तसेच आज ही प्रकरणे वाचताना होते.

पण ह्याच ग्रंथात दुसऱ्या एका प्रकारचे अज्ञान आहे, आणि त्याचे स्वरूप अगदी वेगळे आहे. जानेवारी १९४३ अखेर डोनिट्झ नौदलाचा सर्वाधिकारी झाला, तेव्हापासून हिटलरच्या निकटच्या मंडळीत त्याचा वावर सुरू झाला. आपण केवळ सैनिक होतो, राजकारण हा आपला प्रांत नव्हता, राजवटीची घोर कृत्ये आपणांस युद्ध संपल्यावर कळली, ही त्याची भूमिका. आता न्यायासनापुढे आलेला पुरावा पाहा. १२ मार्च १९४४ रोजी केलेल्या भाषणात त्याने यहुद्यांच्या 'विषा'ची भाषा वापरली. जुलै १९४४ च्या कटानंतर त्याच रात्री आकाशवाणीवरून त्याने कटवाल्यांचा धिक्कार केला. डिसेंबर १९४४ मध्ये गोदीकामासाठी छळछावण्यांतील बारा हजार कैदी मजूर म्हणून मिळावेत अशी शिफारस त्याने केली. ज्याला छावण्या आहेत हे ठाऊक होते, त्यांतील माणसे किती हजार मिळतील ह्याचा अंदाज बांधता येत होता, त्याने आपण फक्त समुद्राकडे पाहत होतो असे म्हणावे, ह्यावर विश्वास कसा बसावा? येथेही पुन्हा हिशेबच आहे. बारा हजार मजूर हा आकडा त्याला दिसला. ते मजूर कोण, तेथे का, आणि कोणत्या अवस्थेत, हे प्रश्न त्याच्या वहीत बसत नव्हते. गुप्तलिपीबद्दलचे अज्ञान शत्रूने त्याच्यावर लादले होते. हे अज्ञान त्याने स्वतः जतन केले होते.

त्याच्या अत्यंत अभिमानाच्या विषयावर, म्हणजे पाणबुडीवाल्यांच्या कुटुंबावर, ह्याचा प्रकाश कसा पडतो ते पाहण्याजोगे आहे. आपल्या माणसांवर त्याचे प्रेम होते ह्यात शंका नाही. सफरीहून परतणाऱ्या बोटींना तो शक्य तेव्हा स्वतः सामोरा जाई, आणि ती माणसेही अखेरपर्यंत त्याच्याशी एकनिष्ठ राहिली. ह्याच कुटुंबात ऑस्कर कुश नावाचा एक तरुण कप्तान होता. हिटलरविरुद्ध उद्गार काढले म्हणून त्याच्याच हाताखालच्या अधिकाऱ्याने त्याच्यावर फिर्याद केली, आणि १२ मे १९४४ रोजी कील येथे त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याचे वय सव्वीस वर्षांचे होते. नौदलाचा सर्वाधिकारी त्या दिवशी डोनिट्झच होता. दुसऱ्याच दिवशी त्याचा थोरला मुलगा क्लाऊस इंग्लिश खाडीत एका जलद नौकेवर मारला गेला. ज्याचे दोन्ही पुत्र त्याच्याच युद्धाने नेले त्या पित्यासमोर कोणीही आदराने स्तब्ध होईल. परंतु कुटुंबप्रमुख म्हणविणाऱ्याने तिसऱ्या मुलासाठी काय केले, हा प्रश्न त्यामुळे पुसला जात नाही. कुशचे नाव निष्कलंक झाले ते १९९६ साली, म्हणजे मृत्यूनंतर बावन्न वर्षांनी.

ह्या ठिकाणी आपल्या वाचकांस भीष्माचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. कौरवांचे अन्न खाल्ले म्हणून त्यांच्या बाजूने लढणारा, व्यक्तिशः निष्कलंक, युद्धशास्त्रात अद्वितीय असा तो सेनापती डोनिट्झच्या समर्थनार्थ पुढे आणला जाण्याचा संभव आहे. तथापि हे साम्य फार दूर नेता येत नाही. द्रौपदीच्या प्रश्नापुढे भीष्म निरुत्तर झाला, हा त्याच्या चरित्रावरील डाग व्यासांनी झाकलेला नाही. शिवाय दुर्योधनाला त्याच्या तोंडावर, भर सभेत, संधी करण्याचा उपदेश भीष्माने वारंवार केला; आपला पक्ष अधर्माचा आहे हे तो जाणत होता आणि ते बोलून दाखवीत होता. डोनिट्झने दुर्योधनाची स्तुती केली, त्याचे भाषण स्वतःच्या मुखाने पुन्हा उच्चारले. निष्ठा हा सद्गुण खरा. पण तो ज्याला वाहिला त्याच्या कृत्यांचा हिशेब निष्ठावंताच्या नावावरही मांडला जातो, हा धडा आमच्या महाकाव्याने फार पूर्वी घालून दिलेला आहे.

अखेरच्या वीस दिवसांची कथा मात्र मन ओढून घेते. पूर्वेकडून येणाऱ्या रशियन सेनेपुढे पळणारी माणसे समुद्रमार्गे पश्चिमेस आणणे हे काम जर्मन नौदलाने १९४५ च्या आरंभापासून चालविले होते. सैनिक व नागरिक मिळून सुमारे वीस लक्ष माणसे ह्या रीतीने वाचली. ३० जानेवारी १९४५ रोजी निर्वासितांनी खच्चून भरलेले 'विल्हेल्म गुस्टलॉफ' हे जहाज एका रशियन पाणबुडीने बुडविले व हजारो जीव गेले. ज्या शस्त्राने ह्या सेनापतीने कीर्ती मिळविली, तेच शस्त्र अशा रीतीने त्याच्या देशबांधवांवर उलटले. राज्यप्रमुख झाल्यावर डोनिट्झने पश्चिमेकडे तुकड्यातुकड्यांनी शरणागती देत, पूर्वेकडील माणसांसाठी दिवस नव्हे तर तास मिळविले. ४ मे रोजी माँटगोमेरीपुढे, ७ मे रोजी रीम्स येथे सह्या झाल्या. २३ मे रोजी फ्लेन्सबुर्गला तो स्वतः पकडला गेला. ह्या प्रकरणांत डोनिट्झ प्रथमच टन सोडून माणसे मोजतो. त्याची लेखणीही येथे मऊ होते. पण म्हणूनच एक प्रश्न वाचकाला बेचैन करतो: जो सेनापती मे १९४५ मध्ये माणसे मोजू शकला, त्याने ती मे १९४३ मध्ये का मोजली नाहीत? पराभव स्पष्ट दिसत असतानाही, शत्रूची जहाजे व विमाने गुंतवून ठेवावीत म्हणून त्याने पाणबुड्या पाठविणे चालूच ठेवले. बुडालेल्या जर्मन पाणबुड्यांपैकी निम्म्याहून अधिक ह्या निर्णयानंतरच्या आहेत, आणि समुद्रावर गेलेल्या सुमारे चाळीस हजार पाणबुडीवाल्यांपैकी सुमारे तीस हजार परतले नाहीत.

आमच्या देशात ह्या मनुष्याविषयी एक प्रकारची मवाळ भावना आढळते, तिचे कारण उघड आहे. ९ फेब्रुवारी १९४३ रोजी, डोनिट्झ सर्वाधिकारी होऊन दहाच दिवस झाले असता, कील बंदरातून निघालेल्या एका पाणबुडीने सुभाषचंद्र बोस पूर्वेकडे गेले आणि एप्रिलमध्ये मादागास्करजवळ भर समुद्रात जपानी पाणबुडीवर चढले. ब्रिटिशांचा शत्रू तो आपला मित्र, असे मानण्याचा मोह त्या काळी अनेकांस झाला व तो अस्वाभाविक नव्हता. पण सुभाषबाबूंना नेणारे आणि 'सिटी ऑफ बनारस'वरील भारतीय खलाशांना बुडविणारे दल एकच होते, ह्या दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवण्याइतके आपण आज प्रौढ झाले पाहिजे. आमच्या नौदलातही १९६७ च्या डिसेंबरापासून पाणबुड्या आहेत. 'कलवरी' हे पहिल्या पाणबुडीचे नाव मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या पाणबुडीला २०१७ साली पुन्हा लाभले. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने 'खुकरी' बुडविली, तेव्हा अठरा अधिकारी व एकशे शहात्तर खलाशी गेले. तेव्हा पाणबुडीचे शास्त्र हा आम्हांस आता परक्यांचा विषय राहिलेला नाही, आणि त्या शास्त्रात निपुण झालेल्या माणसाचे मोजमाप कसे करावे हा प्रश्नही नाही.

आमचे मत थोडक्यात असे. ह्या ग्रंथाचा पूर्वार्ध विद्यार्थ्याच्या वृत्तीने वाचावा, कारण धंद्याचे इतके निर्मळ विवेचन युद्धवाङ्मयात विरळा. मधला भाग न्यूरेंबर्गचा निकाल शेजारी ठेवून वाचावा. शेवटचा भाग सहानुभूतीने वाचावा, पण प्रश्न विसरू नये. कर्व्यांच्या 'आत्मवृत्ता'वर वाढलेला मराठी वाचक आत्मचरित्राकडून एका गोष्टीची अपेक्षा करतो, ती ही की, लेखकाने स्वतःला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करावे. डोनिट्झ खऱ्याखुऱ्या पिंजऱ्यातून बाहेर आला आणि लगेच लिहावयास बसला. तरी ग्रंथात तो वकिलाच्याच जागेवर उभा राहिलेला दिसतो. १९६८ साली त्याने आपल्या पूर्वायुष्याविषयी आणखी एक पुस्तक लिहिले, परंतु त्या एका रकान्यातील जागा अखेरपर्यंत कोरीच राहिली. जमाखर्च पक्का, बेरजा अचूक, अक्षर सुवाच्य. पण ज्या खात्यावर सर्वांत मोठे देणे होते, ते खाते त्याने उघडलेच नाही.